घोडा का अडला?

(प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात एका निवृत्त हेडमास्तरांनी केलेले भाषण)



आपल्याकडे एक जुने कोडे आहे. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच. फिरवले नाही म्हणून. भाकरी तव्यावर फिरवली नाही, ती करपली. विड्याची पाने उलटीपालटी केली नाहीत, ती सडली. घोडा पागेतून बाहेर काढून फिरवला नाही, तो अडला.

कोड्यातल्या घोड्याचे उत्तर एका शब्दात मिळते. खऱ्या घोड्याचे तसे नाही. तो अडतो, लाथ झाडतो, तोंड फिरवतो, चंदी टाकून देतो. का, ते मात्र तोंडाने सांगत नाही. मग धन्याला वाटते, याच्या मनातले कुणी सांगेल का?

आज मी यावरच बोलणार आहे. आपल्यापैकीच एकाच्या घरी नुकताच हा प्रसंग घडला. तो गडी आज इथे बसला आहे. त्याला विचारूनच सांगतो. नाव मात्र सांगणार नाही.

घोडी तोंड देईना

या गड्याकडे एक पांढरी घोडी आहे. दोन एकर कोरडवाहू जमीन आणि ही घोडी, एवढ्यावर त्याचा संसार. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते. घोडी नवरदेवाला पाठीवर घेऊन मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत जाते. सराईच्या पैशावर याचे वर्ष निघते. घोडीसाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे.

यंदा ऐन सराईच्या तोंडावर घोडी बिघडली. लगाम दाखवला की मान वर करी. तोंडात कडी घालू देईना. घातलीच तर डोके झटके, मान एकीकडे वाकडी करी. चंदी पुढे ठेवली तर तोंड घाली, पण निम्मी तशीच राही. महिन्याभरात तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

घरच्यांना जे सुचले ते त्यांनी केले. म्हाताऱ्या आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारी म्हणाले, “माजली आहे ती. दोन चाबूक द्या.” एक दिवस चाबूकही बसला. घोडी थरथरत उभी राहिली, पण तिने तोंड उघडले नाही.

याचा भाचा शहरात नोकरीला आहे. तो म्हणाला, “मामा, जनावरांशी बोलणारी माणसं असतात. फोटो पाठवायचा. जनावराच्या मनात काय आहे ते ती सांगतात.”

अशा माणसांना इंग्रजीत अ‍ॅनिमल कम्युनिकेटर म्हणतात. अमेरिकेत आणि युरोपात ती पुष्कळ आहेत. आता आपल्या शहरांतही आहेत. प्राण्याचे मन आपल्या मनाला थेट कळते, असे ती म्हणतात. जवळ जायला नको, हात लावायला नको, फोटो पुरे. आपण त्यांना जनावरांचे मनकवडे म्हणू.

भाच्याने एका बाईंशी गाठ घालून दिली. पंधराशे रुपये गेले, फोटो गेला. बाई फोनवर फार मायेने बोलल्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, “तुमची घोडी दुःखात आहे. तिचं लेकरू तुम्ही तिच्यापासून तोडलंत. म्हणून ती रुसली आहे. रोज तिच्याजवळ बसा. तिची माफी मागा.”

गडी चकित झाला. त्याने घोडीचे शिंगरू खरेच विकले होते. मागच्या वर्षी दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. फोटोत तर शिंगरू नव्हते. मग बाईंना कसे कळले?

तो रोज संध्याकाळी घोडीपुढे बसू लागला. हात जोडून माफी मागू लागला. असे पंधरा दिवस गेले. घोडी आणखी वाळली. मग एका रात्री तो माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, मी रोज माफी मागतोय. ती ऐकतच नाही. आता काय करू?”

मंडळी, मी जनावरांचा डॉक्टर नाही. शाळामास्तर आहे. पण मी टांगेवाल्याचा मुलगाही आहे. आणि एक रात्र मी अजून विसरलेलो नाही.

लाल्याची रात्र

१९७० साल होते. मी दहा वर्षांचा होतो. माझ्या वडिलांचा टांगा होता. घोड्याचे नाव लाल्या. मी सकाळी लाल्याची लीद काढत असे आणि मग शाळेत जात असे.

एका संध्याकाळी लाल्या स्टेशनावरून येताना वाटेतच थांबला. कसाबसा घरी आणला. तो पुढच्या पायाने जमीन उकरू लागला. वळून वळून आपल्या कुशीकडे बघू लागला. बसे, उठे, पुन्हा बसे. अंगाला घाम सुटला. कुणीतरी गावातल्या जाणत्याला बोलावून आणले. जाणत्याने घोड्याच्या तोंडाला कान लावला. म्हणाला, “घोडं सांगतंय, वेशीवरच्या देवाला नारळ दिला नाही. तो मला सोडत नाही.”

जनावरांचा दवाखाना तालुक्याला, चार कोसांवर. शेजारचा पोरगा सायकल घेऊन दारात उभा होता. म्हणत होता, “मी जाऊन डॉक्टरला घेऊन येतो.” वडील म्हणाले, “थांब. नारळ देऊन येतो. उतार पडेल.”

त्या दिवशी सकाळी लाल्याने लीद टाकली नव्हती. ही गोष्ट मला एकट्याला माहीत होती, कारण लीद मी काढत असे. मला कुणी विचारले नाही. मी लहान, मीही बोललो नाही. पहाटे लाल्या गेला.

तो पोटशूळ होता, हे मला पुष्कळ वर्षांनी एका पशुवैद्याने सांगितले. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले वरून बाहेर पडत नाही, आणि खालून अडले की पोट फुगते, आतडे ताणते. वेळेवर इलाज झाला तर पुष्कळ घोडी वाचतात. आतडे पिळले गेले असेल तर मात्र कठीण असते. डॉक्टर आले असते तर लाल्या नक्की वाचला असता, असे मी म्हणत नाही. पण वडिलांनी टांगा विकला, हमाली धरली आणि मरेपर्यंत एकच गोष्ट बोलत राहिले. “सायकल दारात उभी होती रे.”

म्हणून घोडीची हकिगत ऐकली तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. मी गड्याला म्हणालो, “उद्या सकाळी आपण डॉक्टरांना बोलावू. आज मी तुला एका मास्तराची आणि त्याच्या घोड्याची गोष्ट सांगतो.” तीच आता तुम्हालाही सांगतो.

बर्लिनचा शहाणा घोडा

बर्लिन ही जर्मनी देशाची राजधानी. तिथे विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त शाळामास्तर राहत होते. ते गणित शिकवत असत. त्यांच्या घोड्याचे नाव हान्स. मास्तरांना वाटले, घोड्यालाही माणसासारखी बुद्धी असते. नीट शिकवले तर तोही शिकेल. त्यांनी हान्सला फळ्यापुढे उभे केले आणि काही वर्षे चिकाटीने शिकवले.

घोडा शिकला. निदान तसे दिसले. “दोन आणि तीन किती?” असे विचारले की हान्स पाच वेळा टाप आपटे. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, वार, तारीख, सगळे टापांनी सांगे. १९०४ साली सगळीकडे त्याचे नाव झाले. लोकांची झुंबड उडू लागली. मास्तरांनी कुणाकडून पै घेतली नाही. मास्तर दूर असले आणि दुसऱ्याने विचारले, तरी घोडा बरोबर उत्तर देई.

मग तेरा जणांची समिती नेमली गेली. तीत पशुवैद्य होते, सर्कसवाले होते, शिक्षक होते, घोडदळातले अधिकारी होते. त्यांनी पाहिले आणि सांगितले, यात लबाडी काही दिसत नाही.

पण ऑस्कर फुंग्स्ट नावाचा एक अभ्यासू माणूस तेवढ्यावर थांबला नाही. त्याने दोन साध्या गोष्टी करून पाहिल्या. पहिली गोष्ट अशी. ज्याला उत्तर माहीत नाही, अशा माणसाने प्रश्न विचारायचा. घोडा चुकू लागला. दुसरी गोष्ट. घोड्याच्या डोळ्यांना झापडे लावायची, म्हणजे विचारणारा त्याला दिसू नये. घोडा पुन्हा चुकू लागला.

म्हणजे उत्तर घोड्याच्या डोक्यात नव्हते. ते विचारणाऱ्या माणसाच्या अंगात होते. माणूस प्रश्न विचारून झाला की मान किंचित पुढे झुकवी आणि टापा मोजू लागे. बरोबर आकडा आला की त्याचा जीव भांड्यात पडे आणि मान नकळत किंचित वर होई. तेवढे पाहून हान्स थांबे. ही हालचाल इतकी बारीक होती की तेरा शहाण्यांना दिसली नाही. घोड्याला दिसली.

फुंग्स्टने १९०७ साली हे पुस्तक लिहून सांगितले. मास्तरांना ते पटले नाही. १९०९ साली ते वारले, तोवर त्यांचा हान्सवर विश्वास होता. ते लबाड नव्हते. ते स्वतःच फसले होते. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून मला त्यांच्याविषयी वाईट वाटते. विद्यार्थ्याच्या तोंडून आपलेच उत्तर ऐकून खूश होणे, हे आमच्या धंद्यात फार सोपे असते.

फोनमध्ये काय निघाले

गोष्ट ऐकून गडी बराच वेळ गप्प बसला. मग त्याने खिशातून फोन काढला. बाईंशी झालेले सगळे बोलणे त्यात साठवलेले होते. आम्ही दोघांनी ते पुन्हा ऐकले.

सुरुवातीलाच बाईंनी विचारले होते, “तिच्या सोबतीला आणखी कुणी आहे का?” आणि आपला गडी सांगत होता, “एक शिंगरू होतं. विकलं. हप्ता भरायचा होता, बाई. लई जिवावर आलं होतं.” हे बोलताना त्याचा आवाज दाटून आला होता. फोनवरही तो कळत होता.

गडी म्हणाला, “गुरुजी, हे तर मीच आधी बोललो होतो. माझ्या ध्यानातच राहिलं नाही.”

मंडळी, बाईंनी वाचले ते मन घोडीचे नव्हते, धन्याचे होते. शिंगरू तोडले की घोडी काही दिवस हाका मारते, हे खरे. पण वर्षभराने लगाम नको म्हणण्याचे कारण ते कसे होईल? शिंगराचे दुःख या गड्याच्या मनात होते. तेच बाईंनी त्याला घोडीच्या नावाने परत दिले.

त्या बाईंना मी लबाड म्हणत नाही. त्यांचा स्वतःचाही विश्वास असेल. पण विश्वास निराळा आणि कसोटी निराळी. बर्लिनमधली कसोटी आपल्यालाही लावता येते. घोड्याची काही माहिती न सांगता विचारा, “या महिन्यात कोणत्या पायाचा नाल पडला? काल घोडा कुठे बांधला होता?” असे दहा प्रश्न विचारा. आणि विचारणारा माणूस असा निवडा, की ज्याला स्वतःला उत्तरे माहीत नाहीत. म्हणजे त्याच्या आवाजावरूनही काही कळायचे नाही. एखादे उत्तर अंदाजाने बरोबर येईल. दहाच्या दहा आली तर मला येऊन सांगा. मी माझे शब्द मागे घेईन.

घोडा खरेच बोलतो का?

आता कुणी म्हणेल, गुरुजी, म्हणजे घोड्याला मनच नाही का? आहे ना! आणि नीट शिकवले तर तो आपली इच्छा सांगूही शकतो.

नॉर्वे हा युरोपातला थंड देश आहे. तिथल्या अभ्यासकांनी २३ घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवल्या. एका पाटीवर आडवी रेघ. तिचा अर्थ, अंगावर झूल घाला. दुसरीवर उभी रेघ. तिचा अर्थ, झूल काढा. तिसरी पाटी कोरी. तिचा अर्थ, आहे तसेच राहू द्या. घोड्याने नाकाने पाटीला शिवायचे. बरोबर केले की गाजराचा तुकडा. रोज दहा-पंधरा मिनिटांचा धडा. चौदा दिवसांत सगळे घोडे शिकले.

मग त्यांना विचारले. पाऊस-वारा असला, गारठा असला की घोडे झूल मागू लागले. हवा चांगली असली की झूल नको म्हणू लागले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

यात आणि मनकवड्याच्या बोलण्यात काय फरक आहे, ते पाहा. इथे घोडा जे सांगतो ते पडताळता येते. बाहेर पाऊस आहे की नाही, हे आपल्याला दिसते. मधे कुणी दुभाषा नाही.

आणि पाट्या नसल्या तरी घोडा बोलतोच. कानांनी, डोळ्यांनी, पायांनी, लिदीने. तुम्ही इथे अक्षरे वाचायला शिकलात. पहिल्या दिवशी पुस्तकात नुसत्या काळ्या रेघा दिसत होत्या. आज त्यांचा अर्थ लागतो. घोड्याचेही तसेच आहे.

पंधरा दिवसांत काय पाहिले?

त्या रात्री मी गड्याला शेवटचा प्रश्न विचारला. “तू पंधरा दिवस घोडीपुढं बसलास. काय काय पाहिलंस?”

तो म्हणाला, “काही नाही. माफी मागत होतो.”

“तरी पण? डोळे उघडेच होते ना तुझे?”

तो विचार करू लागला. मग हळूहळू एकेक आठवू लागला. “गुरुजी, ती घास चावते आणि त्याचे ओले गोळे खाली टाकते. चावताना मान वाकडी करते. तोंडाला वास येतो. आणि लिदीत हरभरे अख्खेच्या अख्खे दिसतात.”

मी म्हणालो, “अरे, मग ती बोलत होती की!”

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी घोडीला गुंगीचे औषध दिले. तोंड उघडे राहावे म्हणून साधन बसवले आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. मग गड्याला जवळ बोलावून दाखवले. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या धारदार झाल्या होत्या. गालाला आतून जखमा झाल्या होत्या. कडीचा ताण बसला की गाल त्या दाढांवर दाबला जात होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. घोड्याच्या दाढा झिजत जातात, तशा वर वरही येत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. म्हणून वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड झिजत नाही. तिला धार येते. वरची धार गाल कापते, खालची जीभ कापते. वर्षातून एकदा तोंड तपासून घेतले तर ही वेळ येत नाही.

डॉक्टरांनी कानशीने कडा घासून सारख्या केल्या. पंधरा दिवस लगाम घालू नका म्हणाले. भिजवलेली चंदी द्यायला सांगितली. मार्गशीर्षातल्या चार लग्नांच्या सुपाऱ्या गड्याला परत कराव्या लागल्या. माघात घोडी पुन्हा वरातीला उभी राहिली. तिने लगाम मुकाट्याने घेतला.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर गडी मला म्हणाला, “गुरुजी, तिच्या तोंडात जखम होती आणि मी तिला चाबूक मारला.” त्यावर मी काही बोललो नाही. काय बोलणार?

घोड्याची बाराखडी

आता सगळ्यांसाठी थोडे सांगतो. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी नीट ऐका.

तोंडावरून. घोडा दुखण्यात असला की त्याचा चेहरा बदलतो. कान ताठ मागे जातात. डोळे अर्धवट मिटतात. डोळ्यांवरचा भाग ताणलेला दिसतो. जबड्याचे स्नायू आवळलेले दिसतात. ओठ आणि हनुवटी घट्ट होते. नाकपुड्या ताणतात. २०१४ साली पशुवैद्यांनी या सहा खुणांची मोजपट्टीच तयार केली.

पायावरून. पुढचा पाय दुखत असला तर चालताना डोके बघा. दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो. चांगला पाय टेकताना डोके खाली येते. मग दुखऱ्या पायाच्या खुरावर हात ठेवा. दुसऱ्या खुरापेक्षा गरम लागतो का? खडा, खिळा अडकला आहे का? नालबंदाला आणि डॉक्टरला दाखवा.

पोटावरून. जमीन उकरणे, कुशीकडे बघणे, लोळणे, घाम सुटणे, लीद बंद होणे. ही पोटशूळाची लक्षणे आहेत. यात एक तासही घालवू नका. चारा काढून घ्या आणि डॉक्टरला बोलवा. घशात तेल किंवा काढा ओतू नका. तो फुप्फुसात गेला तर घोडा त्यानेच मरेल. माणसाच्या गोळ्या देऊ नका.

खोडीवरून. इंग्लंडमध्ये स्यू डायसन नावाच्या पशुवैद्य बाई आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या २४ खुणांची यादी केली. शेपूट झटकणे, तोंड उघडणे, डोके हलवणे, पुढे जायला नको म्हणणे, अशा त्या खुणा. २०१८ साली त्यांनी सांगितले, की यांतल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असावे. आपण त्यालाच खोड म्हणतो आणि चाबूक काढतो. आधी तोंड बघा, पाठ बघा, खोगिराखाली जखम आहे का बघा, खूर बघा. दुखणे नाही अशी खात्री झाली, तर मगच खोड म्हणा.

आणि शेवटचे. तुम्हाला आता लिहिता येते. एक पेन्सिल आणि एक वही पागेत टांगून ठेवा. आज पाणी किती प्याला, चंदी किती खाल्ली, लीद पडली का, कोणता पाय लंगडत होता, एवढे रोज लिहा. उभ्या घोड्याच्या छातीचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. अंगाची उष्णता साडेसदतीस ते साडेअडतीस अंश असते. डॉक्टर शिकवतील, ते मोजायला शिका आणि लिहून ठेवा. डॉक्टर आले की वही पुढे करा. घोड्याचे बोलणे त्यांना त्या वहीत मिळेल. माझ्या लहानपणी आमच्या पागेत अशी वही असती, तर एका दहा वर्षांच्या पोराला माहीत असलेली गोष्ट वडिलांनाही कळली असती.

मग मनकवड्यांचा काही उपयोग आहे का? धन्याला धीर देण्यापुरता असेल. या गड्याला त्यांनी घोडीजवळ बसायला लावले, हे त्यांच्या बाजूने मी मान्य करतो. पण कोणती दाढ टोचते, कोणत्या खुरात खिळा आहे, हे फोटोवरून मनाने कळत नाही. कसोटी लावून असे सामर्थ्य आजवर कुणी सिद्ध केलेले नाही. ज्याला बोलवायचे असेल त्याने बोलवावे, पैसे ज्याचे त्याचे. पण डॉक्टरच्या आधी नको आणि डॉक्टरच्या ऐवजी तर मुळीच नको. पैसे परत मिळवता येतात, गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

तेव्हा मंडळी, ते जुने कोडे आता थोडे बदलू या. घोडा का अडला? कधी फिरवला नाही म्हणून. पण पुष्कळदा, त्याच्याकडे नीट पाहिले नाही म्हणून.

आज घरी गेलात की कंदील घ्या, बॅटरी घ्या आणि आपापल्या जनावरापाशी पाच मिनिटे उभे राहा. घोडा असो, बैल असो, शेळी असो. काही बोलू नका. नुसते पाहा. काय दिसले ते उद्या वहीत लिहून आणा. उद्याचा आपला धडा तोच.

रामराम.